‘अवशेष आढळले नाहीत’ : कोंबडीच्या मांसाच्या अशा अहवालातून नेमकं काय समजायचं?

मृण्मयी_स

नमस्कार मंडळी,

आमच्या संस्थेच्या खानावळीची खरेदी गेल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. दीडशे माणसं जेवतात, त्यात शाळकरी मुलंही आहेत. कोंबडीच्या मांसात औषधं राहतात असं सतत कानावर यायचं, म्हणून पुरवठादाराकडे तपासणीचा अहवाल मागितला. त्याने काही खळखळ न करता दिला. एकच पान. वर प्रयोगशाळेचा शिक्का, खाली सही आणि मधे एक ओळ : ‘प्रतिजैविकांचे अवशेष – आढळले नाहीत.’

वाचून हायसं वाटलं. पण कागद फाइलला लावताना हात अडला. कोणती प्रतिजैविकं? कोंबडीच्या कोणत्या भागात शोधली? किती कमी असती तर सापडलीच नसती? यातलं काहीच त्यावर नाही.

इथे प्रयोगशाळेतले, पोल्ट्रीवाले, पशुवैद्य असे सगळेच आहेत. या कागदावर मी विसंबू का? आणि नसेल विसंबायचं तर मागायचं काय?

चिंतातुर_बाबा

गरजेचा धागा. घरात तीन वर्षांचं पोर आहे, त्यामुळे डोळ्यांत तेल घालून वाचतोय.

भटक्या_विचार

एवढा खल कशाला? पाच-सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोच्या वर जातो, ते हार्मोनची इंजेक्शनं दिल्याशिवाय होतं का? आधी ते शोधा, मग प्रतिजैविकं.

पिपेटवाली

मृण्मयी, तुझा हात अडला ते बरं झालं. सोळा वर्षं मी हेच काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘आढळले नाहीत’ हे अर्धं वाक्य आहे. पुरं वाक्य असं हवं : अमुक औषध, अमुक ऊतीत (म्हणजे स्नायू, यकृत अशा भागात), अमुक पद्धतीने, अमुक पातळीपर्यंत शोधलं, आढळलं नाही. तुझ्या कागदावर वाक्याची शेपटी तेवढी आली आहे.

तपासणी बहुधा दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा चाळणीचा. त्यातली स्वस्त आणि जुनी रीत म्हणजे जिवाणूंची चाचणी. एका छोट्या नळीत जांभळ्या जेलीत जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूचे बीजाणू असतात. त्यावर मांसाचा रस घालायचा आणि नळी साधारण ६४ अंशांवर तीन-साडेतीन तास ठेवायची. रसात प्रतिजैविक नसेल तर जिवाणू वाढतात, आम्ल तयार करतात आणि जेली पिवळी होते. प्रतिजैविक असेल तर वाढ खुंटते, रंग जांभळाच राहतो. दिसायला फार सुंदर चाचणी आहे. पण हा जिवाणू पेनिसिलिनला जितका हळवा आहे तितका एन्रोफ्लॉक्सॅसिन या पोल्ट्रीत वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकाच्या गटाला नाही. म्हणजे मांसात एन्रोफ्लॉक्सॅसिन मर्यादेच्या वर असूनही नळी खुशाल पिवळी होऊ शकते. आणि क्लोरॅम्फेनिकॉल हे दुसरं प्रतिजैविक ज्या बारीक पातळीवर शोधावं लागतं, तिथे तर ही नळी पोचतच नाही.

दुसरा टप्पा खात्रीचा. तिथे एलसी-एमएस/एमएस हे घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र लागतं. मांसातून काढलेला अर्क एका बारीक नलिकेतून जातो, घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, मग यंत्र प्रत्येक रेणूचं वस्तुमान मोजतं, त्याला फोडतं आणि तुकड्यांचंही वस्तुमान मोजतं. एन्रोफ्लॉक्सॅसिन ३६० वर दिसतं आणि फुटल्यावर ३१६ आणि २४५ चे तुकडे देतं. दोन्ही तुकडे दिसले, त्यांचं एकमेकांशी प्रमाण जुळलं, बाहेर पडण्याची वेळ जुळली, तरच आम्ही ‘हेच औषध’ म्हणतो.

तुझ्या पानावर यातला कोणता टप्पा झाला तेच लिहिलेलं नाही. तेव्हा कागद खोटा आहे असं मी म्हणत नाही, पण विसंबण्यासारखा नाही एवढं नक्की.

डॉ_पशुमित्र

@भटक्या_विचार, हार्मोनचं आधी मिटवू, नाहीतर धागा तिकडेच वाहत जाईल.

वाढीचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, हे प्रथिन आहे. खाद्यातून दिलं तर पोटात पचून जाईल. टोचायचं तर हजारो पक्ष्यांना पुन्हा पुन्हा टोचावं लागेल. हे कुठलाही पोल्ट्रीवाला करत नाही, करूही शकत नाही. इतिहासात एक प्रकार झाला होता खरा : अमेरिकेत १९४७ पासून नर पक्ष्यांच्या मानेत डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम हार्मोनच्या गोळ्या बसवत, ते १९५९ मध्ये थांबलं.

वाढ होते ती निवड-पैदाशीमुळे. कॅनडाच्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७ आणि १९७८ चे जपून ठेवलेले वाण आणि २००५ चा व्यापारी वाण एकाच खाद्यावर शेजारी शेजारी वाढवले. ५६ व्या दिवशी वजनं भरली ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच होतं, पक्ष्याचं बीज वेगळं होतं. इतक्या झपाट्याने वाढवण्याने पक्ष्याच्या पायांवर आणि हृदयावर ताण येतो, त्यावर जरूर वेगळा धागा काढा, मी येईन. पण ती हार्मोनची गोष्ट नव्हे.

भटक्या_विचार

डॉक्टर, हे आकडे माहीत नव्हते. मुद्दा मागे घेतो. पण प्रतिजैविकं तर देतातच ना? मग ती बंदच का करत नाहीत? तपासत बसण्यापेक्षा देणंच थांबवा.

शेडवाला

राम राम मंडळी. मी पक्षी पाळतो, बारा वर्षं झाली. भाऊ, तुमचा राग कळतो, पण एक सांगतो. थंडीच्या दिवसांत पडदे लावल्यावर शेडमधे अमोनिया कोंडतो, पक्षी खुरखुरायला लागतात. सीआरडी, म्हणजे श्वासाचा चिवट आजार, लागला आणि मागून ई. कोलाय जिवाणू आला की सकाळी दार उघडल्याबरोबर मर उचलावी लागते. त्या वेळी औषध न देणं म्हणजे पक्ष्याला तडफडत ठेवणं. ते माझ्याच्यानं होत नाही.

चूक दुसरीकडे होते. आजार नसताना ‘बॅचला एक कोर्स देऊन टाकू’ म्हणून देणं चूक. पक्षी उचलायला चार दिवस राहिलेत आणि औषध चालूच, ही चूक. मी सुरुवातीच्या काळात दोन्ही केलंय, तेव्हा मला कुणी नीट समजावलं नव्हतं. आता तसं करत नाही.

सूक्ष्मदर्शी

शेडवाला, मनापासून लिहिलंत, आभार. माझा विषय जिवाणू आहे, म्हणून थोडी भर.

आजारी पक्ष्याला औषध देणं आणि वाढीसाठी खाद्यात रोज थोडं थोडं घालणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वीडनने वाढीसाठीचा वापर १९८६ मध्येच बंद केला. व्हॅन्कोमायसिन या माणसांच्या प्रतिजैविकाला दाद न देणारे जिवाणू सापडू लागल्यावर त्याचंच भावंड असलेलं अ‍ॅव्होपार्सिन युरोपीय संघाने १९९७ मध्ये काढलं, आणि १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीची उरलेली प्रतिजैविकंही बंद केली. अमेरिकेत एन्रोफ्लॉक्सॅसिनची कोंबड्यांसाठीची परवानगी सप्टेंबर २००५ मध्ये रद्द झाली. तिथे कारण अवशेष नव्हते, कॅम्पिलोबॅक्टर हा पोट बिघडवणारा जिवाणू होता. पक्ष्यांच्या आतड्यात तो या औषधाला सरावतो, तोच माणसात येतो आणि मग माणसाला दिलेलं त्याच गटातलं औषध चालत नाही.

हे मृण्मयीताईंच्या प्रश्नाला लागूनच आहे. कोलिस्टिन हे प्रतिजैविक घ्या. पक्ष्याला तोंडावाटे दिलं तर ते आतड्यातून रक्तात जवळजवळ उतरतच नाही. मांस तपासलं तर बहुधा काही मिळणार नाही. पण आतड्यातल्या जिवाणूंवर त्याचा मारा होतोच. कोलिस्टिनला प्रतिकार करणारं एमसीआर-१ हे जनुक एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारतं, हे चीनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, आणि डुकरांत, कच्च्या मांसात, रुग्णांत असं सगळीकडे ते सापडलं. तेव्हा अवशेषांचा अहवाल कितीही स्वच्छ असला, तरी औषध वापरलंच नाही असा त्याचा अर्थ काढू नका.

चिंतातुर_बाबा

हे वाचून काळजी वाढली की हो. एक साधा प्रश्न : नीट शिजवलं तर हे अवशेष जातात का? की धुऊन काही होतं?

पिपेटवाली

बाबा, धुण्याने नाही. औषध मांसाच्या आत असतं. उलट कच्ची कोंबडी नळाखाली धुतली की शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओट्यावर पसरतात.

शिजवण्याचं उत्तर औषधागणिक बदलतं. टेट्रासायक्लिन उष्णतेने बऱ्यापैकी तुटतात. एन्रोफ्लॉक्सॅसिनला उकळण्याने फारसं काही होत नाही, थोडं पाण्यात उतरतं इतकंच, आणि ते पाणी आपण रश्शात घेतोच. नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांच्या गटाचे अवशेष तर शिजवून, तळून, भाजून बहुतांश तसेच राहतात. पण नीट शिजवा हे आहेच, कारण त्याने जिवाणू मरतात, आणि सूक्ष्मदर्शी म्हणतात ती काळजी निम्मी तिथेच मिटते.

आकडेमोड

धाग्यात घबराट वाढायला नको म्हणून मर्यादा कशा ठरतात ते सांगतो, कारण ‘आढळलं’ म्हणजे लगेच ‘विष’ असंही नाही.

खाद्य व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची जेक्फा नावाची तज्ज्ञ समिती आहे. ती आधी ठरवते की माणसाने आयुष्यभर रोज किती घेतलं तरी चालेल. त्यावरून कोडेक्स, म्हणजे याच दोन संघटनांचा अन्नमानकं ठरवणारा आयोग, प्रत्येक ऊतीसाठी कमाल अवशेष मर्यादा, म्हणजे एमआरएल, ठरवतं. टेट्रासायक्लिन गटासाठी रोजचं प्रमाण शरीराच्या किलोमागे ३० मायक्रोग्रॅमपर्यंत. ६० किलोच्या माणसाला १,८०० मायक्रोग्रॅम. कोडेक्सची मर्यादा स्नायूत किलोला २००, यकृतात ६००, मूत्रपिंडात १,२०० मायक्रोग्रॅम. आता एखाद्याने एकाच दिवशी ३०० ग्रॅम मांस, १०० ग्रॅम यकृत आणि ५० ग्रॅम मूत्रपिंड खाल्लं, आणि तिन्हींत अवशेष मर्यादेइतके काठोकाठ भरलेले आहेत असं धरू. ६० + ६० + ६० = १८० मायक्रोग्रॅम. म्हणजे परवानगीचा दहावा हिस्सा.

किलोला २०० मायक्रोग्रॅम म्हणजे पाच टन मांसात एक ग्रॅम. तेवढ्यावर माझं पोर जेवलं तर मी रात्री शांत झोपेन.

चिंतातुर_बाबा

आकडेमोड, तुम्ही माझी आजची झोप परत दिलीत! पण मग काही औषधांवर सरळ बंदी कशी? त्यांना मर्यादा का नाही?

डॉ_पशुमित्र

कारण त्यांच्यासाठी ‘इतकं चालेल’ असा आकडाच काढता येत नाही. क्लोरॅम्फेनिकॉलने काही माणसांत अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणंच थांबवते. असं क्वचित होतं, पण कुणाला होईल ते सांगता येत नाही आणि डोस कमी म्हणून धोका नाही असंही म्हणता येत नाही. नायट्रोफ्युरान गटावर कर्करोगाचा आणि जनुकांना इजा करण्याचा ठपका आहे. म्हणून अन्न देणाऱ्या प्राण्यांसाठी ही दोन्ही अनेक देशांत पूर्ण बंद आहेत. प्रयोगशाळेला तिथे एमआरएलशी तुलना करायची नसते, शक्य तितक्या खाली जाऊन शोधायचं असतं. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२२ पासून कारवाईची पातळी क्लोरॅम्फेनिकॉलसाठी किलोला ०.१५ मायक्रोग्रॅम आणि नायट्रोफ्युरानच्या प्रत्येक चयापचयजासाठी (औषध शरीरात मोडल्यावर उरणाऱ्या तुकड्यासाठी) ०.५ मायक्रोग्रॅम केली. आधी ती ०.३ आणि १ होती.

नवा_गडी

मी विद्यार्थी आहे, पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत लागायचं मनात आहे. नायट्रोफ्युरानचे ‘चयापचयज’ का शोधतात, औषधच का नाही?

पिपेटवाली

नव्या गड्याने माझ्या आवडीच्या ठिकाणी बोट ठेवलंय.

नायट्रोफ्युरान गटातलं फ्युराझोलिडोन पक्ष्याच्या शरीरात काही तासांतच नाहीसं होतं. शोधून उपयोग नाही. पण जाताना त्याचा एक तुकडा प्रथिनांना घट्ट चिकटून राहतो, तो कित्येक आठवडे हलत नाही. फ्युराझोलिडोनचा तुकडा एओझेड, फ्युराल्टाडोनचा एएमओझेड, नायट्रोफ्युरँटॉइनचा एएचडी, नायट्रोफ्युराझोनचा सेमीकार्बाझाइड. औषधाच्या जागी हे तुकडे शोधायला लागल्यावर २००२-०३ च्या सुमारास युरोपात आयात केलेल्या कोंबडीत, आणि पोर्तुगालमध्ये तर तिथल्याच कोंबडीत, नायट्रोफ्युरान सापडू लागले.

तो तुकडा सोडवायला घाई चालत नाही. एक ग्रॅम बारीक केलेलं मांस नळीत घ्यायचं, त्यात आंतरिक प्रमाण टाकायचं (म्हणजे ड्युटेरियम, जड हायड्रोजन, लावून ओळखू येईल असा केलेला तोच पदार्थ, ठरावीक मापात), सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं. आम्ल प्रथिनापासून तुकडा तोडतं. पण तो इतका लहान असतो की यंत्राला धड दिसत नाही. म्हणून टू-नायट्रोबेन्झाल्डिहाइड घालायचं, ते त्याला जाऊन चिकटतं आणि तो जड होतो. एओझेड मग २३६ वर दिसतो आणि १३४ चा तुकडा देतो. हे सगळं ३७ अंशांवर सोळा तास हलतं ठेवायचं. संध्याकाळी नळ्या शेकरवर चढवायच्या, दिवा मालवून घरी जायचं. सकाळी झाकण काढलं की कडू बदामासारखा वास येतो. मग उदासीन करायचं, इथिल अ‍ॅसिटेटने ओढून घ्यायचं, नायट्रोजनच्या धारेखाली सुकवायचं, थोड्या द्रवात विरघळवून यंत्राला द्यायचं.

एकदा घाईच्या दिवशी एका नळीत आंतरिक प्रमाण टाकलंय की नाही याची माझी मलाच खात्री राहिली नाही. सोबतचे म्हणाले, चालव, बघू. मी सगळीच तुकडी टाकून दिली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून केली. कारण मांसाचा अर्क यंत्रात शिरताना रेणूंचा आवाज, म्हणजे यंत्राला मिळणारा संकेत, दाबतो, किती दाबतो ते प्रत्येक नमुन्यात वेगळं. आंतरिक प्रमाण सोबत असेल तर तेही तितकंच दबतं आणि हिशेब जुळतो. ते नसेल तर ‘आढळलं नाही’ आणि ‘मला ऐकू आलं नाही’ यातला भेद राहत नाही.

मृण्मयी, तीन तासांत झालेल्या तपासणीत नायट्रोफ्युरान पाहिलेले असणं शक्यच नाही, हे तुला यावरून कळेल.

नवा_गडी

ताई, हे पाठ्यपुस्तकात चार ओळींत होतं, आज डोळ्यांपुढे उभं राहिलं. अजून एक : सापडलं म्हणजे वापरलंच, असं धरायचं का?

पिपेटवाली

नाही. सेमीकार्बाझाइड हा फसवा गडी आहे. अ‍ॅझोडायकार्बोनामाइड नावाचं रसायन काही ठिकाणी पिठात घालतात, त्यापासूनही तो तयार होतो. वरून पिठाचं आवरण असलेल्या कोंबडीत सापडला तर आवरण काढून आतलं मांस आधी धुऊन घ्यायचं, सुटा अंश निघून जातो, आणि मग प्रथिनांना बांधलेला उरतो का ते पाहायचं. क्लोरॅम्फेनिकॉलसुद्धा मातीतला स्ट्रेप्टोमायसीस व्हेनेझुएली हा जिवाणू स्वतः बनवतो, आणि गवत-पेंढ्यात ते नैसर्गिकपणे आढळलेलं आहे. कुणाच्या पोटावर पाय येण्याआधी एवढं बघायलाच हवं.

शेडवाला

ताई, हे शेवटचं वाक्य आमच्या बाजूचं बोललात. आता माझं ऐका, कारण मी त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला होतो.

तीन वर्षांमागे माझ्या एका बॅचचा नमुना एन्रोफ्लॉक्सॅसिनसाठी मर्यादेच्या वर आला. मी औषध बंद करून डॉक्टरांनी सांगितले होते तितके दिवस मोजून थांबलो होतो. वहीत तारीख होती. घेणाऱ्याने ऐकलं नाही, माल परत. मला रात्रभर झोप नाही. बायको म्हणाली, वहीत खरं लिहिलंय ना, मग शोधा कुठून आलं ते.

शेडमधे गेलो. टाकी वरून स्वच्छ दिसत होती. तळात हात घातला तर बोटांना बुळबुळीत लागलं, वर पांढरट साका. निपल लाइनच्या, म्हणजे पक्षी चोचीने पाणी पितात त्या नळीच्या, पार शेवटच्या टोकाचं बूच उघडलं, तर आधी पाणी आलंच नाही. मग पिवळसर शेंबडासारखा गोळा पडला आणि मागून पाणी सुटलं. मी औषध टाकीत घालणं बंद केलं होतं, पण लाइन कधी फ्लश केलीच नव्हती. कोर्स संपल्यावर आठवडाभर पक्षी त्याच नळीतून पीत होते.

डॉ_पशुमित्र

शेडवाला, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे. कारण सांगतो. एन्रोफ्लॉक्सॅसिनचं पिण्याच्या पाण्यातलं द्रावण अल्कधर्मी असतं. टाकीत पाण्याचा सामू (पीएच) उदासीनकडे आला की त्याचा थोडा भाग विरघळलेला न राहता तळाशी बसतो. नंतर आम्ल सोडलं की तोच साका पुन्हा विरघळून पाण्यात येतो. आणि नळीतला तो बुळबुळीत थर, बायोफिल्म, औषध धरून ठेवतो. म्हणून कोर्स संपला की टाकी रिकामी करून घासायची, लाइन दाबाने फ्लश करायची, आणि बॅच गेल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडने धुवायची.

विड्रॉवल पिरियडबद्दलही, म्हणजे औषध बंद केल्यावर पक्षी कापण्याआधी थांबायच्या दिवसांबद्दलही, गैरसमज आहे. तो कसा ठरतो? निरोगी पक्ष्यांना नेमका डोस देतात, मग वेगवेगळ्या दिवशी प्रत्येक वेळी किमान सहा पक्षी कापून ऊती तपासतात. त्यावरून असा दिवस काढतात की ९५ टक्के पक्षी मर्यादेखाली गेलेले असतील याची ९५ टक्के खात्री आहे. पण तो आकडा त्याच डोसाचा, निरोगी मूत्रपिंडाचा आणि स्वच्छ पाण्याचा. डोस दुप्पट केला, पक्षी आजारी आहे, किंवा लाइनमधून औषध झिरपतंय, तर दिवसांची ती मोजणी लागू होत नाही.

आकडेमोड

अनुमोदन. आणि खाद्याची गिरणीही विसरू नका. कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या परजीवी आजारासाठीचं निकार्बाझिन पावडरीत स्थिर विजेने यंत्राच्या भिंतींना चिकटतं आणि पुढच्या, औषध नसलेल्या खाद्यात उतरतं. म्हणून औषधाचं खाद्य आधी आणि फिनिशर (पक्षी उचलण्याआधीचं शेवटचं खाद्य) लगेच मागून, असा क्रम लावायचा नाही.

शेडवाला

लिटरचंही, म्हणजे शेडमधल्या जमिनीवरच्या भुश्याच्या अंथरणाचंही. पक्षी लिटर टोचतात, त्यात विष्ठेतून पडलेलं औषध असतं. सल्फा गटाच्या औषधांच्या बाबतीत तर हे हमखास. तेच लिटर पुढच्या बॅचला ठेवलं की ज्यांना औषध दिलंच नाही त्यांच्यातही निघतं.

भटक्या_विचार

घरी तपासायची एखादी पट्टी मिळते का?

पिपेटवाली

पट्ट्या असतात, पण मांस बारीक करून अर्क काढावा लागतो, आणि एक पट्टी एकाच गटाला चालते. पट्टीवर काही निघालं तरी खात्री यंत्रावरच करावी लागते. घरच्या ओट्यावरचं ते काम नव्हे.

मृण्मयी_स

चार दिवस धागा वाचत होते, मधे कामही करत होते. आता काय झालं ते सांगते.

मी पुरवठादाराला पिपेटवालीताईंचं पुरं वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवलं. त्याने प्रयोगशाळेकडून सविस्तर कागद मागवून दिला. चाचणी एकच झाली होती, जिवाणूंची नळी. नमुना : छातीचा स्नायू, एक. नायट्रोफ्युरान, क्लोरॅम्फेनिकॉल पाहिलेलेच नाहीत. तो बिचारा खजील झाला. त्यालाही वाटत होतं की ‘सगळं’ तपासलंय.

आता किती नमुने मागू? आणि कोणता भाग?

आकडेमोड

संख्येचं गणित कोडेक्सच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. शंभरात दहा पक्ष्यांत दोष असेल तर तो एकदा तरी पकडायची ९५ टक्के खात्री हवी म्हणून २९ नमुने लागतात. शंभरात पाच असतील तर ५९. शंभरात एक असेल तर २९९. एका खानावळीला हे झेपणार नाही, आणि ते तुमचं कामही नाही. ते देशांच्या नियंत्रण योजनांचं काम. तुम्ही पुरवठादाराकडून बॅचनिहाय औषधांची नोंदवही मागा आणि जिथे शंका येईल तिथले थोडे नमुने नेमके घ्या. नेम धरून घेतलेले पाच नमुने डोळे मिटून घेतलेल्या पन्नासांहून कामाचे.

पिपेटवाली

भाग : स्नायू तर हवाच, कारण तोच खाल्ला जातो. जोडीला यकृत घे, तिथे बहुतेक औषधं जास्त साचतात, चोर लवकर सापडतो. प्रयोगशाळेचं आयएसओ १७०२५ हे चाचणी प्रयोगशाळांसाठीचं मानांकन आहे एवढं पाहून थांबू नकोस. त्या मानांकनाच्या व्याप्तीत कोंबडीचं मांस आणि तुला हवी ती औषधं आहेत का ते बघ. प्रत्येक औषधापुढे शोधमर्यादा लिहून माग. नमुना बर्फात घालून लगेच पोचव आणि अर्धा सीलबंद करून मागे ठेव. पेनिसिलिन गटासाठी मात्र फार दिवस ठेवू नकोस, ती औषधं साध्या फ्रीझरमध्येही हळूहळू तुटत जातात.

मृण्मयी_स

नोंदवही मागितली होतीच, आज मिळाली. अक्षर नीटस आहे, तारखा, डोस सगळं आहे. फक्त मागच्या बॅचला पक्षी उचलण्याआधीच्या सहा दिवसांचं पान कोरं आहे. विचारलं तर म्हणाला, औषध बंद होतं म्हणून लिहिलं नाही. मला तो खोटं बोलतोय असं वाटत नाही. परवा त्याच्या शेडवर जाते आहे. चालू बॅचचा कोर्स मंगळवारी संपलाय. मांस आणि यकृताचे तीन-तीन नमुने पक्षी उचलले की घेणार, यादीत फ्लुरोक्विनोलोन (एन्रोफ्लॉक्सॅसिनचा गट), टेट्रासायक्लिन, सल्फा, क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानचे चारही तुकडे.

शेडवाला

ताई, एक स्वच्छ बाटली जास्तीची न्या. टाकीचं पाणी घेऊ नका. लाइनच्या पार शेवटच्या निपलखाली धरा, पहिली धारच भरा, आणि तीही नमुन्यांबरोबर पाठवा. आणि त्याला आधी फोन करून सांगा की बूच उघडायला पाना जवळ ठेव. माझा गंजून बसला होता.